अबलख घोडीवरचा वैद्य

आमच्या किलाव्हार्नात भटक्यांचं स्वागत फार चांगलं होत असे. हे मी म्हणत नाही, गावच म्हणतं. आणि भटके यायचे बंद झाल्यापासून तर जास्तच ठामपणे म्हणतं. हल्ली कुणी परगावचा पाहुणा आला, की त्याला टर्फच्या, म्हणजे दलदलीतून खणून वाळवलेल्या ढेकळांच्या, शेकोटीजवळची खुर्ची देतात, चहा देतात आणि जुन्या काळी प्रत्येक घरी भटक्यासाठी बटाट्यांचा वाटा कसा काढून ठेवलेला असे, ते ऐकवतात. ऐकवणाऱ्याचे डोळे भरून येतात. पाहुण्याचेही येतात. टर्फचा धूर कुणालाच सोडत नाही.

वाटा काढून ठेवलेला असे, हे खरं आहे. डुकरासाठीही असे. वाटा एकच असे, एवढं सांगायचं तेवढं राहून जातं.

बार्टली कॉली आणि त्याची बायको विनी दर हिवाळ्याच्या तोंडाला पुलापलीकडे, जिथे रस्त्याची कड जरा रुंद होते, तिथे पाल ठोकत. बार्टली पत्र्याच्या चरव्या आणि डबे करी, गळक्या बादल्यांना डाग देई, आणि शेतकऱ्यांच्या घोड्यांबद्दल त्यांना ऐकायचं नसे ते सांगे. त्याचं पाल दिसलं, की गावातल्या बायका दोरीवरचे कपडे आत नेत. त्याच्या बापानं तिथेच पाल ठोकलं होतं, आज्यानंही. त्यामुळे त्या जागेला कॉलींचा कोपरा असं नावच पडलं होतं. नाव द्यायला गावाचं मन मोठं होतं. जागा देण्याचा विषय वेगळा.

बार्टलीची घोडी अबलख होती. काळ्या अंगावर पांढरे डाग, जणू कुणी दुधाची चरवी तिच्यावर उपडी केली असावी. आमच्याकडच्या अब्रूदार शेतकऱ्यानं एक वेळ दाराशी जप्ती आणली असती, पण अबलख घोडा आणला नसता. अबलख म्हणजे भटक्यांचा. एवढं नीतिशास्त्र आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ होतं.

आता मॅलॅकी टुईविषयी. गावातलं किराणा दुकान, दारूचा गुत्ता आणि पोस्ट ही तिन्ही खाती त्याच्याकडे एकाच छपराखाली होती, त्यामुळे गावकऱ्याला साखर, शोक आणि टपाल यांसाठी वेगवेगळं हिंडावं लागत नसे. त्या वर्षी त्यानं शहरातून जस्ताच्या बादल्या मागवल्या. चळत दारात लावली. पण बार्टलीनं डाग दिलेली जुनी बादली काही मरायचं नाव घेईना, आणि न मरणारी बादली दुकानदाराच्या डोळ्यांना बघवत नाही. ऑक्टोबरात मॅलॅकीच्या एकदम लक्षात आलं, की कॉलींच्या कोपऱ्यामुळे गावाचं आरोग्य धोक्यात आहे.

ग्रामसुधारणा समिती निघाली. मॅलॅकी अध्यक्ष झाला. फादर ग्रिलींनी आशीर्वाद दिला. आशीर्वादाला त्यांना खर्च नसे. खाणीतले, चार-पाच जणांनाही न हलणारे धोंडे ओढून आणून त्या रुंद कडेवर ओळीनं बसवले, आणि शिपाई लॅव्हेलनं बार्टलीला सांगितलं, की इथे थांबता येणार नाही, कारण इथे धोंडे आहेत.

विनीला तेव्हा आठवा महिना होता. ती दुकानात आली तेव्हा मी तंबाखू घेत उभा होतो.

“मालक,” ती म्हणाली, “बाळंत होईस्तोवर राहू द्या. मग आम्ही आपणहून जाऊ.”

“माझ्या हातात असतं तर विनी, नक्की राहू दिलं असतं,” मॅलॅकी म्हणाला. “पण समितीनं ठरवलंय.”

“समितीत कोण कोण आहे?”

“अध्यक्ष मी आहे. पण मी एकटा काय करणार?”

मग मॅलॅकीनं एक मूठ चहा कागदात बांधला आणि तिच्या हातात दिला. तिनं रिवाजाप्रमाणे त्याच्या घराला, गुरांना आणि मुलाबाळांना आशीर्वाद दिला, आणि रिवाजाप्रमाणेच तो जरा भरभर उरकला. त्या एका मुठीच्या चहावर किलाव्हार्ना पुढे कित्येक वर्षं दिलदार म्हणून जगलं.

कॉली गेले. अबलख घोडी, गाडी, पाल, पत्र्याचे तुकडे, सगळं गेलं. बादल्या खपायला लागल्या. आणि मग डांग्या खोकला आला.

तो कॉलींच्या कोपऱ्यातून आला नाही. तिथे आता धोंड्यांखेरीज कुणी नव्हतं. तो शाळेतून आला. मी त्या शाळेचा मास्तर. पहिल्या आठवड्यात चार बाकं रिकामी झाली, दुसऱ्या आठवड्यात शाळाच बंद झाली. इतरांची पोरं खोकून खोकून सावरायला लागली, पण मॅलॅकीची नात ईता सावरेना.

ईता पाच वर्षांची. तिचा बाप बोस्टनला गेलेला. तो समुद्र ओलांडून देशोधडीला लागला होता, पण आमच्याकडे त्याला भटकणं म्हणत नाहीत, कारण तो डॉलर पाठवतो. आई डेलिया मॅलॅकीकडेच राहायची. मॅलॅकीचं जगात कुणावर प्रेम असलंच तर ते ईतावर. ती तराजूशी खेळायला बसली की तो शेजारच्या गिऱ्हाइकाला माप पूर्ण देई, तिनं चुकीचं शिकू नये म्हणून.

खोकल्याची उबळ आली की पोर निळी पडे. श्वास आत ओढताना असा लांब, कोंबड्यासारखा आवाज होई, की खाली गुत्त्यात बसलेले लोक ग्लास खाली ठेवत. डॉक्टरांची बाटली झाली. छातीला बदकाची चरबी झाली. पवित्र विहिरीचं पाणी झालं. फादर ग्रिलींनी हात ठेवला. खिडक्यांच्या फटींत लोकर कोंबून खोली दिवसरात्र टर्फच्या धगीनं तापवली. पोर रोज थोडी थोडी कमी होत होती. मॅलॅकी तिच्या दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर बसून राहायचा आणि प्रत्येक उबळीला कठडा धरायचा. डॉक्टर त्याला म्हणाले, “नाताळ निघेल असं वाटत नाही.”

तेव्हा मॅलॅकीची आई होनोरा बोलली. तिचं वय कुणाला ठाऊक नव्हतं, तिलाही नाही.

“अबलख घोड्यावरच्या माणसाला विचार,” ती म्हणाली.

हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होतं. डांग्या खोकल्याचं औषध अबलख घोड्यावर बसलेल्या माणसाला विचारायचं. तो वाटेत भेटायला हवा. त्याच्या तोंडून जे येईल ते औषध. ते करायचंच, त्यात घासाघीस नाही. त्याचे आभार मानायचे नाहीत आणि मोबदला द्यायचा नाही, नाहीतर गुण जातो. आजवर ऐकलेल्या नियमांत मॅलॅकीला हा शेवटचा सर्वांत शास्त्रशुद्ध वाटला असावा.

समिती बसली. फादर ग्रिली म्हणाले, “ही निव्वळ अंधश्रद्धा आहे. चर्च असलं काही मानत नाही.” मग थोडं थांबून म्हणाले, “विचारून बघायला मात्र हरकत नसावी.”

अडचण एकच होती. अबलख घोडा गावात नव्हता. होता तो गावानंच घालवला होता. चर्चमधली घंटा वाजवणाऱ्या फेलिमनं यावर तोडगा काढला. त्यानं फादरांच्या तपकिरी घोड्याला चुन्याचे पट्टे ओढले, स्वतः वर बसला, आणि दुकानासमोरून अगदी सहज गेल्यासारखा गेला. मॅलॅकीनं विचारलंही. फेलिम म्हणाला, “व्हिस्की.”

होनोरा खिडकीतून ओरडली, “अरे मेल्या, देवाला चुना लावतोस? जा, खऱ्याला शोधा!”

ठरलं. मॅलॅकी खऱ्याला शोधायला निघाला आणि मी गाडी हाकायला. मॅलॅकीला घोडा हाकता येत नसे. सगळा जन्म काउंटरमागे गेलेला. शिवाय माझी शाळा बंद होती, आणि कॉलेजात शिकलेला माणूस बरोबर असला की वजन पडतं, असं त्याचं मत होतं. मी कॉलेजात लॅटिन शिकलो होतो. त्यानं कसलं वजन पडणार होतं कोण जाणे.

“मास्तर, तो काय म्हणेल हो?” वाटेत मॅलॅकी विचारत राहिला. “दुकान माझ्या नावावर कर असं म्हणाला तर?”

“तर करावं लागेल.”

“आणि धोंडे खा म्हणाला तर?”

“मीठ बरोबर आहे का?”

तो हसला नाही. आम्ही दोन परगणे ओलांडले, तेव्हा बाजाराच्या रस्त्यावर समोरून ती अबलख घोडी येताना दिसली, आणि तिच्या उघड्या पाठीवर बार्टली कॉली, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या चरव्यांची माळ लटकवून. मॅलॅकी गाडीतून उतरला. रस्त्याच्या मधोमध चिखलात उभा राहिला. टोपी काढली. बाजाराहून परतणाऱ्या बायका थांबल्या. आणि आमच्या सुधारणा समितीचा अध्यक्ष साऱ्या जगाला ऐकू जाईल असा ओरडला:

“अबलख घोडीवरच्या बाबा, डांग्या खोकल्याला औषध काय?”

बार्टलीनं घोडी थांबवली. त्यानं मॅलॅकीला ओळखलं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

“पोरगी निजते कुठं?” त्यानं विचारलं.

मॅलॅकी माझ्याकडे वळून कुजबुजला, “मास्तर, हे औषध का सवाल?”

“सवाल आहे. उत्तर द्या.”

“दुकानावरच्या खोलीत. ऊब आहे. खिडक्या घट्ट लावून घेतल्यात. टर्फ विझू देत नाही.”

बार्टलीनं नाकातून आवाज काढला. “बाहेर काढा तिला,” तो म्हणाला. “रस्त्यावर आणा. रोज नवा वारा. एका छपराखाली दोन रात्री नाही. खोकला तिला शोधत येतो तोवर तुम्ही पुढच्या गावी. आमची पोरं अशीच बरी होतात.” मग लगाम सैल करत म्हणाला, “सगळी नाही. काही.”

“पण जायचं कुठं?” मॅलॅकीनं विचारलं.

“ते मलाही कुणी सांगितलं नव्हतं, मालक,” बार्टली म्हणाला, आणि चरव्या वाजवत निघून गेला. मॅलॅकीनं आभार मानले नाहीत. नियमच होता.

होनोरानं निकाल दिला: बोललाय तेच करायचं. डॉक्टर म्हणाले, हवापालट वाईट नाही, पण नोव्हेंबरात कुणी शहाणा माणूस हे करणार नाही. मॅलॅकीनं दुकानाची कापडी छताची गाडी काढली. आत पेंढा, घोंगड्या, डेलिया आणि ईता. पुढे मी आणि मॅलॅकी. दुकान होनोराकडे.

पहिली रात्र नूनांच्या घरी. नून म्हणजे गावापासून टप्प्यावरचे मोठे शेतकरी, वर मॅलॅकीचे उधारीवरचे गिऱ्हाईक. सॅरा नून दारातच हात पसरून उभी. “या, या मॅलॅकी! हे घर तुमचंच समजा. अगं बाई, ही ईता का? किती सुकली पोर!” डुकराचं खारवलेलं मांस, कोबी, बटाटे, सोड्याचा पाव, वर लोणी. मॅलॅकी खूश. “पाहिलंत मास्तर? ही आपली माणसं. याला म्हणतात माणुसकी.”

रात्री उबळ आली. आमच्या खाली सॅराची चार लेकरं निजली होती. एका उबळीनंतर खालच्या खोल्यांतून चौघांना उचलून गोठ्याच्या बाजूला नेल्याचा आवाज आला. सकाळी सॅरा म्हणाली, “अजून एक दिवस राहिला असतात तर किती बरं वाटलं असतं!” आणि असं म्हणताना तिनं दार उघडं धरून ठेवलं होतं.

दुसऱ्या रात्री मॅलॅकीचा मेव्हणा. तोवर बातमी आमच्या पुढे चालू लागली होती. मेव्हणा गुरांचा व्यापारी, मनानं मोकळा. त्यानं आम्हाला खळ्यातली कोठी दिली. “मुद्दामच,” तो म्हणाला. “हवेशीर आहे. तुम्हाला हवाच पाहिजे ना?” बायकोला त्यानं आमच्याकडे येऊ दिलं नाही. आमचे हाल पाहून तिला रडू येईल म्हणे.

तिसऱ्या दिवशी लगतच्या परगण्यातल्या फादरांचं घर. दार त्यांच्या स्वयंपाकिणीनं किलकिलं केलं. “फादर प्रार्थनेत आहेत.”

“किती वेळ असतील?” मॅलॅकीनं विचारलं.

तिनं गाडीकडे पाहिलं. ईता आत खोकत होती. “तुम्ही जाईपर्यंत,” ती म्हणाली. बाई प्रामाणिक होती. तिची नोकरी फार दिवस टिकली नसणार.

त्यानंतर दारं उघडेनात. तरी स्वागत थांबलं नाही. आमच्या मुलखातलं स्वागत कधीच थांबत नाही, फक्त दारापासून थोडं पुढे सरकतं. लोक फाटकावर दुधाचं मडकं ठेवत, पावाचा तुकडा ठेवत, आणि खिडकीच्या पडद्यामागून आम्ही तो उचलतो की नाही ते पाहत. उचलला की हात हलवत. आम्ही गाडीत, झाडाखाली, मोडक्या गवताच्या गंजीआड रात्री काढल्या. आणि मी पाहत होतो, की मॅलॅकी टुई धंदा शिकतोय. पहिल्या दारात तो आत शिरतानाच म्हणाला होता, “मी किलाव्हार्नाचा टुई.” पाचव्या दारात तो बाहेरूनच म्हणे, “देव या घराचं भलं करो.” आठव्यात आवाज इतका मऊ झाला होता, की लोण्यासारखा पावाला लावता आला असता. डेलियानं तर आधीच ओळखलं होतं की पोरीचा चेहरा आधी दाखवायचा आणि खोकला मागून येऊ द्यायचा. जमलं तर.

एका दुपारी आम्ही एका गावाबाहेर रस्त्याच्या कडेला गाडी लावली. आमच्याकडे या कडेच्या गवताला लांबडं वावर म्हणतात. जमीन नसलेल्यांचं शेत. घोडा चरत होता. ईताला सकाळपासून चार उबळी आल्या होत्या आणि आता ती डेलियाच्या मांडीवर मेणासारखी पडली होती. एक कोवळा शिपाई सायकलवरून आला.

“इथे थांबता येणार नाही. हलवा.”

“पोर आजारी आहे,” मॅलॅकी म्हणाला.

“सगळ्यांच्याच असतात. हलवा.”

“अरे, मी किलाव्हार्नाच्या ग्रामसुधारणा समितीचा अध्यक्ष आहे!”

“असाल,” शिपाई म्हणाला. “गाडी हलवा. इथेही समिती आहे. किलाव्हार्नाच्या समितीचं पाहूनच काढलीय. चांगलं काम करतात म्हणे.”

मॅलॅकीनं माझ्याकडे पाहिलं. मी घोड्याकडे पाहिलं. घोड्यानं आमच्यापैकी कुणाकडेच पाहिलं नाही आणि एक शेवटचा घास तोडला.

त्या संध्याकाळी भुरभुर पाऊस होता, आणि ईताचा श्वास असा चालला होता, की प्रत्येक उबळीनंतर आम्ही तिघं तो परत येण्याची वाट बघायचो. एकदा तो इतक्या उशिरा आला, की डेलियानं जपमाळ टाकून तिला उलटं धरलं. मॅलॅकी माझ्या शेजारी नव्हताच जणू. बर्फासारखा बसला होता. मग पडक्या चुनाभट्टीच्या वळणावर धूर दिसला, पाल दिसलं, आणि बाजूला बांधलेली अबलख घोडी दिसली.

मॅलॅकी मी थांबायच्या आत उतरला.

बार्टली पालातून बाहेर आला आणि त्यानं हात वर केला. “तिथंच थांबा, मालक.”

“बार्टली, एक रात्र. एकच. पोर जाते रे माझी.”

“नाही.”

“तूच सांगितलंस ना रस्त्यावर काढा म्हणून! तूच!”

“सांगितलं. पण इथं नाही. आत बाळ आहे. अजून नाळ पडली नाही त्याची. त्याला हा खोकला लागला तर तो उद्या नसेल.”

पालातून विनीचा आवाज आला, “कोण आहे हो?” आणि एक बारीकसा, मांजरीच्या पिल्लासारखा रडण्याचा आवाज.

इतके दिवस आम्हाला सगळ्यांनी ‘या, या’ म्हणून घालवलं होतं. शिपाई सोडला तर तोंडावर ‘नाही’ म्हणणारा हा पहिला, आणि कारण सांगणाराही पहिलाच. मॅलॅकीला ते कळायला वेळ लागला. तो चिखलात तसाच उभा राहिला, टोपी हातात.

बार्टलीनं बोट ओलं करून हवेत धरलं. वारा कुठून कुठे जातो ते पाहिलं. मग आपल्या गाडीखालून वाकवलेल्या काठ्या आणि मेणकापडाची गुंडाळी ओढून काढली, रस्ता ओलांडला, वाऱ्याच्या उतरणीला भट्टीच्या भिंतीआड जागा निवडली आणि काठ्या रोवायला लागला.

“धरा इकडून,” त्यानं मॅलॅकीला सांगितलं. “असं नाही. वाकवून. मालक, जन्मात तराजूशिवाय काही धरलंय का?”

मॅलॅकीनं धरलं. कापड चढलं. पुढची बाजू बार्टलीनं उघडीच ठेवली. डेलिया म्हणाली, “पाऊस येईल आत.” तो म्हणाला, “पाऊस येऊ दे, बाई. धूर नको.” चूल त्यानं पालाच्या आत नाही, बाहेर, लांब पेटवली.

पलीकडून विनी ओरडली, “ओ बाई! पाठीवर नका निजवू तिला! कुशीवर! आणि उबळ आली की पाठ नका थोपटू, नुसतं कपाळ धरा, नुसतं धरा!” मग तिनं काळ्या चहाची किटली रस्त्याच्या मधोमध आणून ठेवली आणि मागे सरली. ती पार मागे गेल्यावर डेलियानं जाऊन ती आणली. दोघी रस्त्याच्या दोन कडांवरून बाळंतपणाबद्दल बोलल्या, ओरडून, जसं काही मध्ये नदी आहे.

ईताला दोन उबळी आल्या. मग ती झोपली. थंड हवेत, गालांवर पावसाचे शिंतोडे, कुशीवर. तिचा श्वास चालत राहिला. मॅलॅकी पालाबाहेर उकिडवा बसून त्याच्याकडे कान लावून होता, आणि पहाटे मी जागा झालो तेव्हाही तसाच होता. फक्त त्याच्या तोंडावरून पाणी वाहत होतं, आणि पाऊस केव्हाच थांबला होता.

सकाळी ईता म्हणाली, “मला अंडं हवंय.” दहा दिवसांत तिनं काही मागितलेलं नव्हतं. बार्टलीच्या कोंबडीचं अंडं रस्त्याच्या मधोमध आलं. ईतानं ते खाल्लं, आणि ते पोटात राहिलं.

मॅलॅकी रस्त्याच्या कडेशी जाऊन उभा राहिला. दुकानदाराचा जीव परत आला होता.

“बार्टली! अजून एक रात्र राहतो आम्ही इथं. तिला मानवलंय.”

“एका छपराखाली दोन रात्री नाही,” बार्टली म्हणाला. तो पत्र्याच्या तुकड्याची कड ठोकत होता, मान वर केली नाही.

“अरे, हे छप्पर थोडंच आहे? पाल आहे हे!”

“मग हलवायला सोपं.”

“तिचं काही बरंवाईट झालं तर?”

“तुम्ही मला विचारलं. मी बोललो. आता मला जरी वाटलं ना मालक, तरी बदलता येत नाही.” मग त्यानं हातोडी थांबवली. “पाल घेऊन जा. काठ्या ओल्यात उघड्यावर ठेवू नका, सुकू द्या. कापडाची घोंगडीसारखी घडी नका करू, गुंडाळा. घोड्याला डावीकडे धोंड्यावर घालू नका, मास्तर, तुमचं सारखं डावीकडे जातं.”

मॅलॅकीनं खिशात हात घातला. बार्टलीनं नुसतं पाहिलं. मॅलॅकीला नियम आठवला, आणि तो हात खिशातच राहिला, कुठे ठेवावा ते न समजून. मला वाटतं, जन्मात पहिल्यांदा त्याला काही द्यायचं होतं आणि ते चालत नव्हतं.

आम्ही निघालो. ईता बरी झाली, हे आत्ताच सांगून टाकतो. वाचणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला लागायला नको. हिवाळा सरताना येणाऱ्या लेंटच्या उपवासापर्यंत ती पुन्हा तराजूशी खेळायला लागली. हवा बदलल्यामुळे बरी झाली, की खोकला आपोआप उतरायच्या बेतात होता म्हणून, ते मला ठाऊक नाही. लॅटिनमध्ये त्याबद्दल काही नाही. गावाचं मत मात्र पक्कं आहे: शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्या दिवसांत जो आसरा दिला, त्यानंच पोर वाचली. सॅरा नून ही गोष्ट सांगते तेव्हा तिच्याकडे आम्ही चार रात्री राहिलेलो असतो.

पण ते पुढचं. त्या सकाळी डोंगराच्या उतारावर एक पांढरं घर लागलं, आम्हाला कुणालाच माहीत नसलेलं. ईता गाडीत उठून बसली होती आणि पालाच्या काठ्या मोजत होती, एक, दोन, सात, पाच. मॅलॅकी उतरला. दाढी वाढलेली, कोटावर पेंढा, गुडघ्यापर्यंत चिखल. टोपी काढून, हळूहळू, त्या घराच्या कुत्र्याशी बोलत बोलत तो फाटकापाशी गेला.

“देव या घराचं भलं करो, बाई,” तो म्हणाला.

अंगणात एक बाई होती. तिनं त्याला पाहिलं, गाडी पाहिली, काठ्या आणि गुंडाळलेलं कापड पाहिलं. मग ती हसली, अगदी गोड हसली, म्हणाली, “या हं, या, जरा थांबा,” आणि वळून दोरीवर वाळत घातलेले कपडे भराभर काढून घरात न्यायला लागली.